हलवलेले गाव आणि जागचे चर्च : केडल्स्टनमधले तीन दिवस

इतिहासाचा शिक्षक म्हणून बत्तीस वर्षे मी वर्गात लॉर्ड कर्झनचे नाव घेत आलो. 1905 ची बंगालची फाळणी, तिच्यातून उसळलेली स्वदेशीची चळवळ, पुण्यात पेटलेली विदेशी कपड्यांची होळी आणि त्याच वर्षाच्या अखेरीस बनारसच्या काँग्रेस अधिवेशनात अध्यक्षपदावरून बोलताना गोपाळ कृष्ण गोखल्यांनी कर्झनच्या कारभाराची औरंगजेबाच्या कारभाराशी केलेली तुलना, हे सगळे मुलांना सांगताना हा माणूस कुठल्या घरात वाढला असेल, असा प्रश्न मला स्वतःला कधी पडला नव्हता. आमची लेक नोकरीनिमित्त इंग्लंडमधील डर्बी या शहरात राहू लागली आणि तिच्या घरापासून सहा-सात किलोमीटरवर केडल्स्टन हॉल हे कर्झनचे जन्मघर आहे, हे कळले, तेव्हा हा प्रश्न पहिल्यांदा मनात आला. मे महिन्यात आम्ही उभयता तिच्याकडे गेलो, त्यातले तीन दिवस मी केडल्स्टनसाठी राखून ठेवले. एका वाड्यासाठी तीन दिवस कशाला, असे सौ. म्हणाली, पण तिसऱ्या दिवशी परतताना सर्वांत मागे तीच रेंगाळली होती.

पहिला दिवस : माळ, तळी आणि मेंढ्या

लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकावरून आगगाडीने दीड तासात डर्बी येते. आम्ही आदल्या रात्रीच पोहोचलो होतो, म्हणून सकाळी न्याहारी आटोपून लेकीच्या गाडीने निघालो. शहराची वस्ती संपताच रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कुंपणाच्या झुडपांमागे हिरवी शेते सुरू झाली आणि थोड्याच वेळात रॉबर्ट ॲडमने बांधलेल्या उत्तरेकडच्या देवडीतून आम्ही आवारात शिरलो.

आत शिरल्यावर वाडा लगेच दिसत नाही. प्रथम दिसतो तो चढउतारांचा विस्तीर्ण माळ, त्यात सुटेसुटे उभे असलेले ओक आणि लिंडनचे प्रचंड वृक्ष, त्यांच्याखाली आपल्या कोकरांसह चरणाऱ्या मेंढ्या आणि मधून संथ वळणे घेत जाणारे पाणी. रस्ता वळण घेऊन तीन कमानींच्या दगडी पुलावर येतो, आणि तिथून वर पाहिले की उतारावर बसलेला, मधला उंच भाग आणि दोन बाजूंना कवेत घेतल्यासारखे वळलेले दोन जोडवाडे अशा रूपातला केडल्स्टन हॉल एकदम समोर येतो. गाडी थांबवायला तिथे मनाई असल्याने आम्ही पुढे वाहनतळावर गेलो आणि तेवढ्यासाठी पुन्हा चालत पुलावर आलो. त्या जागी उभे राहिल्यावर एवढे निश्चित कळले की हे दृश्य असेच दिसावे, याची कुणीतरी फार आधी योजना केलेली आहे.

ती योजना करणाऱ्याचे नाव सर नॅथॅनिएल कर्झन. 1758 मध्ये त्याला ही जहागीर वारसाने मिळाली. कर्झन घराणे या जमिनीवर बाराव्या शतकापासून होते, पण वडिलोपार्जित विटांचा वाडा नव्या धन्याला पुरेसा वाटला नाही. याच परगण्यात चॅट्सवर्थ हे डेव्हनशायरच्या ड्यूकांचे घर आहे. ते व्हिग पक्षाचे आणि कर्झन टोरी पक्षाचे, त्यामुळे घर बांधणे हे राजकारणातले उत्तरही होते. त्याच वर्षी रॉबर्ट ॲडम हा तिशीतला स्कॉटिश वास्तुकार इटलीत रोमन अवशेषांचा अभ्यास करून परतला होता. वाड्याचे काम आधीच मॅथ्यू ब्रेटिंगहॅम आणि जेम्स पेन यांच्याकडे गेलेले असल्यामुळे ॲडमच्या हाती प्रथम केवळ बाग आणि माळ आला. पुढे दोन वर्षांत सगळे कामच त्याच्याकडे गेले, पण सुरुवात या माळापासून झाली होती, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

कारण आज आपण ज्याला निसर्ग समजून मोकळा श्वास घेतो, त्यातला बराचसा भाग घडवलेला आहे. कटलर ब्रुक नावाचा एक साधा ओढा इथून वाहत होता. तो जागोजागी अडवून, रुंद करून त्याची लांबट तळी केली गेली, आणि पुलापाशी पाणी पायऱ्यापायऱ्यांनी उतरावे म्हणून सांडवे बांधले गेले. आमच्याकडे बांध घातला जातो तो पिकासाठी किंवा पिण्याच्या पाण्यासाठी. इथे तो घातला गेला तो दिवाणखान्याच्या खिडकीतून नदी दिसावी म्हणून. पूर्वी घराजवळून जाणारा सार्वजनिक हमरस्ता उचलून लांब उत्तरेला नेण्यात आला. आणि वाड्याला अगदी चिकटून केडल्स्टन नावाचे एक खेडे होते, ते संपूर्ण खेडे उठवून काही अंतरावर वसवले गेले. घरे गेली, गल्ल्या गेल्या, आणि त्या जागी गवत आले. जागेवर राहिले ते एकटे चर्च.

हे वाचून ठेवलेले होते, तरी प्रत्यक्ष त्या हिरवळीवर उभे राहिल्यावर मला जायकवाडीच्या पाण्याखाली गेलेली गावे आठवली. आमचे मूळ गाव जालना जिल्ह्यातले, त्यामुळे गाव उठणे म्हणजे काय असते, हे जवळच्या नातेवाइकांकडून ऐकत मी लहानाचा मोठा झालो आहे. दोन्ही गोष्टी सारख्या नाहीत, हे मला समजते. तरीही ज्या माणसांच्या चुली इथे पेटत होत्या, त्यांच्यापैकी कुणाचेही नाव या माळावर कुठे लिहिलेले दिसले नाही, याचे वाईट वाटल्याशिवाय राहिले नाही.

दुपारी आम्ही तळ्याच्या काठाने मासेमारीच्या मंडपापर्यंत गेलो. 1770 च्या सुमारास ॲडमने बांधलेली ही छोटी इमारत मला या संपूर्ण आवारात सर्वांत आवडली. पाण्याच्या अगदी काठावर, दोन्ही अंगांना नावा ठेवण्याच्या कमानी, वरच्या बाजूला तळ्याकडे उघडणारी मोठी खिडकी असलेली खोली आणि तिच्या खाली थंड पाण्यात बुडी मारण्याचे स्नानकुंड, एवढी सगळी व्यवस्था तिथे एका लहान आकारात बसवलेली आहे. उन्हात न बसता बायकांना खिडकीतूनच गळ टाकता यावा, अशी ती सोय होती. खोलीत माशांची चित्रे आहेत. ती आम्हाला काचेतून जेमतेम दिसली, कारण दार बंद होते. पण पाण्यावरून परतणारा प्रकाश भिंतीवर हलत होता आणि तो पाहताना आम्ही तिघेही बराच वेळ काही बोललो नाही.

परत येताना एक वठलेला ओक आडवा पडलेला दिसला. तो उचलून नेलेला नाही, हे पाहून प्रथम आम्हाला व्यवस्थेतली ढिलाई वाटली. पण तिथे काम करणाऱ्या एका स्वयंसेवकाने समजावून सांगितले की या माळावरची जुनी आणि मेलेली झाडे मुद्दाम तशीच ठेवली जातात, कारण कुजणाऱ्या लाकडावर जगणारे दुर्मीळ भुंगेरे इथे आहेत आणि त्यांच्यासाठीच हा माळ कायद्याने संरक्षित आहे. धन्याच्या डोळ्यांसाठी लावलेली झाडे अडीचशे वर्षांनी किड्यांचे घर झाली, हे ऐकून सौ.ने त्या ओकाच्या खोडाला हात लावून पाहिले.

दुसरा दिवस : दगडाचा दिवाणखाना

दुसऱ्या दिवशी पाऊस होता, आणि घर पाहण्यासाठी तो योग्यच दिवस ठरला. 1987 पासून हा वाडा आणि त्याचा माळ नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या ताब्यात आहे, आणि खोल्याखोल्यांतून वयस्कर स्वयंसेवक उभे असतात. त्यांच्यापैकी अनेकांचे ज्ञान पाहून मला आमच्या जुन्या देवस्थानांतील पुजाऱ्यांची आठवण झाली, इतके ते त्या जागेशी एकरूप झालेले होते.

केडल्स्टनच्या मधल्या भागात कुणी रोज राहावे, अशी मूळ कल्पनाच नव्हती. कुटुंब पूर्वेकडच्या जोडवाड्यात राहत असे, स्वयंपाकघर पश्चिमेकडच्या जोडवाड्यात होते, आणि मधला सगळा भाग पाहुण्यांना दाखवण्यासाठी होता. आराखड्यात असे चार जोडवाडे होते, पण पैसा किंवा उत्साह आटला आणि दोनच बांधले गेले. उत्तरेचा दर्शनी भाग शंभर मीटरहून अधिक लांबीचा आहे, त्याच्या मध्यभागी सहा कोरिंथियन खांबांचा मंडप आहे. तो पेनच्या आराखड्यातला. दक्षिणेची बाजू मात्र ॲडमची, आणि तिथे त्याने रोममधील कॉन्स्टंटाइनच्या विजयकमानीचा आकार एका घराच्या भिंतीवर आणून बसवला आहे.

खालच्या मजल्यावरून वर आल्यावर आपण मार्बल हॉलमध्ये येतो. येथे माझे पाय खरोखरच थबकले. खिडकी एकही नाही. उजेड येतो तो छतातून, आणि त्या वरून झरणाऱ्या मंद उजेडात गुलाबी शिरांच्या दुधी दगडाचे वीस खांब दोन रांगांत उभे आहेत, प्रत्येक पंचवीस फूट उंचीचा. हा अलाबास्टर नावाचा मऊ दगड. नाव संगमरवराचे असले तरी या खोलीचे वैभव आहे ते या दगडात, आणि तो परदेशातून आणलेला नाही. शेजारच्या नॉटिंगहॅमशायरमध्ये कर्झनांच्या स्वतःच्या खाणी होत्या, तिथून तो आला. रंग फार जिवंत आहे. माणसाच्या त्वचेखालून रक्त दिसावे तशा त्यातल्या शिरा दिसतात. भिंतींतल्या कोनाड्यांत ग्रीक आणि रोमन मूर्तींच्या प्रतिकृती आहेत, वर जोसेफ रोझने केलेले गिलाव्याचे नक्षीकाम आहे. मला वेरूळच्या लेण्यांतील खांब डोळ्यांसमोर आल्याशिवाय राहिले नाहीत, मात्र तिथे डोंगर आत कोरत नेलेला आहे आणि इथे खाणीतून दगड काढून पोकळी उभी केलेली आहे, त्यामुळे अंगावर येणारा थंडावा सारखा असूनही अनुभव वेगळा होतो.

मार्बल हॉलमधून सरळ पुढे गेले की सलून नावाची गोल खोली लागते. वर खोलगट चौकटींचा घुमट, त्याच्या माथ्यावर काचेचा डोळा, आणि जमिनीपासून त्या डोळ्यापर्यंतची उंची 62 फूट. रोममधील पँथिऑन देवळाचा हा घरगुती अवतार. प्राचीन रोमन घराच्या अंगण आणि ओसरीसारखी या दोन खोल्यांची जोडी ॲडमच्या मनात होती. कोनाड्यांत मला दगडी कलश वाटले ते प्रत्यक्षात लोखंडी शेगड्या निघाल्या. थंडीच्या देशात देवळासारखी खोली बांधली तरी ऊब कुठून तरी आणावीच लागते. इंग्रजी साहित्यातील थोर कोशकार सॅम्युएल जॉन्सन 1777 मध्ये इथे येऊन गेला आणि खांबांच्या मोठ्या दालनात न्यायाधीश बसवावेत, गोल खोलीत पंच बसवावेत, असे मत त्याने दिले. घराला घरपण नाही, असा त्याचा आक्षेप होता. मला तो पुरता पटला नाही, कारण जी वास्तू दाखवण्यासाठीच बांधली, तिच्यात उबेची अपेक्षा का धरावी? पण त्याचे म्हणणे ऐकून सौ. म्हणाली, "खरंच आहे, इथे पाट मांडायला जागा नाही." तिचे म्हणणे मी येथे तसेच नोंदवतो.

मार्बल हॉलच्या एका अंगाला संगीताची, चित्रांची आणि ग्रंथांची अशा तीन खोल्या ओळीने आहेत. संगीताच्या खोलीतील शेकोटीच्या चौकटीत जांभळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा ब्लू जॉन हा स्फटिकासारखा दगड बसवला आहे, आणि तोही याच डर्बीशायर परगण्यातला, कॅसलटनच्या डोंगरातला. चित्रांच्या खोलीत निळ्या दमास्क कापडाच्या भिंती आहेत आणि जॉन लिनेलच्या कारखान्यात घडवलेले चार भव्य सोफे आहेत. त्यांचे हात म्हणजे सोनेरी मुलामा दिलेल्या जलकन्या आणि समुद्रदेव आहेत, आणि ते पाहताना लेक लहानपणासारखी वाकून प्रत्येकाचे शेपूट न्याहाळत होती. दुसऱ्या अंगाला राजशय्येची खोली आहे. तिथल्या पलंगाचे खांब ताडाच्या झाडांसारखे कोरलेले आहेत, मुळे खाली आणि झावळ्या वर. उष्ण देशातले झाड या माळावरच्या घरात सुताराने किती प्रेमाने कोरले आहे!

या घराला पाहुण्यांची सवय पहिल्यापासून होती. अठराव्या शतकात कुणीही सभ्य पोशाखातला प्रवासी दारात आला तर घरच्या व्यवस्थापिका गार्नेटबाई त्याला खोल्या दाखवत, आणि चित्रांची छापील यादीही हातात देत. त्यांचे चित्र इथे आहे. हातात तीच यादी धरून, स्वच्छ टोपी घालून त्या शांत नजरेने पाहतात. एवढ्या सरदार-उमरावांच्या तसबिरींत एका नोकरी करणाऱ्या बाईचे चित्र इतक्या सन्मानाने काढून ठेवलेले पाहून मला मनापासून बरे वाटले.

दुपारचे जेवण जुन्या स्वयंपाकघरात घेतले, कारण आता तिथेच उपाहारगृह आहे. उधळमाधळ न केल्यास उणीव भासत नाही, अशा अर्थाचे एक वचन चुलीच्या वर इंग्रजीत लिहिलेले आहे. इथून शिजलेले अन्न वळणदार मार्गिकेतून मधल्या वाड्यातल्या भोजनगृहापर्यंत नेले जाई, आणि एवढे अंतर मुद्दाम ठेवलेले होते, म्हणजे आगीचे भय आणि फोडणीचा वास पाहुण्यांपासून दूर राहावा. गरम सूप गरम पोहोचत असेल का, यावर माय-लेकींची बराच वेळ चर्चा झाली.

संध्याकाळी पाऊस थांबल्यावर मी एकटाच उत्तरेच्या हिरवळीवर गेलो आणि वाड्याकडे तोंड करून उभा राहिलो. हे घर मी कुठेतरी पाहिले आहे, असे सकाळपासून वाटत होते, आणि त्याचे कारण मला ठाऊकही होते. कलकत्त्याचे राजभवन, म्हणजे आताचे लोकभवन, हे याच घराच्या आराखड्यावर बेतलेले आहे. गव्हर्नर जनरल लॉर्ड वेलस्लीने ते 1799 ते 1803 या काळात बांधून घेतले. त्याचा आराखडा करणारा चार्ल्स वायट हा सॅम्युएल वायटचा पुतण्या, आणि सॅम्युएल हा केडल्स्टनच्या बांधकामावर देखरेख करणारा माणूस होता. केडल्स्टनमध्ये जे चार जोडवाडे पैशाअभावी पुरे झाले नाहीत, ते चारही कलकत्त्यात पुरे झाले. मूळ अर्धे राहिले आणि नक्कल पूर्ण झाली, कारण नकलेच्या मागे बंगालचा महसूल होता.

आणि ही तारीख मराठी माणसाला विसरता येत नाही. कलकत्त्यात या वाड्याचे खांब चढत असताना वेलस्ली दुसऱ्या बाजीरावाशी वसईचा तह घडवून आणत होता. 31 डिसेंबर 1802 रोजी तो तह झाला, आणि पुढच्या सप्टेंबरच्या 23 तारखेला वेलस्लीचा धाकटा भाऊ आर्थर याने आमच्या जालना जिल्ह्यातील असई गावाजवळ शिंदे आणि भोसले यांच्या फौजांना हरवले. शाळेत असताना आमची सहल असईला गेली होती. काळ्या मातीचे शेत, कडेला बाभळी, आणि गुरुजी हात लांब करून दाखवत होते की तोफा इथे होत्या. त्या शेताचा आणि या गुलाबी खांबांच्या घराचा संबंध जोडायला मला साठी ओलांडावी लागली.

तिसरा दिवस : तळमजल्यावरचा मोर आणि चर्च

जॉर्ज नॅथॅनिएल कर्झन याच घरात 11 जानेवारी 1859 रोजी जन्मला. त्याचे वडील लॉर्ड असूनही याच चर्चचे धर्मोपदेशक होते. 1899 मध्ये तो व्हाइसरॉय म्हणून कलकत्त्याला गेला तेव्हा जगाच्या दुसऱ्या टोकाला त्याला राहायला मिळाले ते स्वतःच्या जन्मघराची नक्कल असलेले घर. मला वाटते, हिंदुस्थानावर राज्य करण्याचा अधिकार हा त्याला वारसाहक्कासारखा वाटत असावा, त्यात या योगायोगाचा काही वाटा असेल. घराण्याचे ब्रीदवाक्यच असे आहे की कर्झनांनी जे धरले ते कर्झनांनी धरून ठेवावे.

तळमजल्यावरचे ईस्टर्न म्युझियम म्हणजे या ब्रीदवाक्याचा प्रत्यक्ष नमुना आहे. तरुणपणी आशियाभर केलेल्या प्रवासांत आणि व्हाइसरॉयपदाच्या काळात कर्झनने जमवलेल्या किंवा त्याला भेट मिळालेल्या वस्तू इथे मांडलेल्या आहेत. संग्रहालयाची मांडणी त्याने स्वतः योजली होती, पण 1925 मध्ये तो वारला आणि ते उघडले 1927 मध्ये. शस्त्रे, हस्तिदंत, चांदीच्या पेट्या, रेशीम. ज्या दालनात ही सगळी संपत्ती आहे तिथे आम्ही जवळजवळ दोन तास होतो, आणि त्यातला निम्मा वेळ एकाच काचेच्या कपाटासमोर गेला.

त्या कपाटात कर्झनची पहिली पत्नी मेरी हिचा मोराचा पोशाख आहे. शिकागोच्या लायटर घराण्यातली ही श्रीमंत मुलगी. दिल्ली दरबाराच्या सोहळ्यात 6 जानेवारी 1903 रोजी लाल किल्ल्यात झालेल्या शाही नृत्यसमारंभात तिने तो घातला होता. ज्या महालात एके काळी मोगलांचे मयूरासन होते, तिथे मोरपिसांचा पोशाख घालून जाण्यामागचा हेतू सरळ आहे. सोनेरी कापडावर एकावर एक चढलेली मोरपिसे, सगळी जरदोजीच्या कामाची, आणि प्रत्येक पिसाच्या डोळ्यात हिरवट निळा चमकणारा ठिपका. त्या रात्री अनेकांना ते पाचू वाटले. प्रत्यक्षात ते एका भुंगेऱ्याच्या पाठीवरचे कठीण पंख आहेत. भरतकाम हिंदुस्थानी कारागिरांनी केले आणि ते कापड पॅरिसला नेऊन वर्थ या प्रसिद्ध शिवणगृहात त्याचा पोशाख केला गेला. पोशाखाचे वजन साडेचार किलोच्या आसपास आहे.

सौ.ने स्वतः चाळीस वर्षे भरतकाम केलेले आहे. ती काचेला जवळजवळ नाक लावून उभी होती. तिने मला दाखवले की तार कुठे वळवली आहे आणि कुठे आवळली आहे, आणि एका पिसाच्या कडेला किती टाके पडले असतील, याचा ती मनाशी हिशोब करत होती. मग ती म्हणाली, "बसून बसून पाठ मोडली असेल हो त्यांची." माझ्या मते त्या पोशाखाविषयी जे काही बोलले जाते, त्यात सर्वप्रथम हे बोलले गेले पाहिजे. फलकावर पॅरिसच्या शिवणगृहाचे नाव ठळक वाचायला मिळते, ज्यांच्या बोटांनी तो मोर घडवला त्यांची नावे मात्र या दालनात मला आढळली नाहीत. आदल्या दिवशी गार्नेटबाईंचे चित्र पाहून आलेल्या माझ्या डोळ्यांना ही उणीव अधिकच खटकली.

न्याय करायचा तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ज्या माणसाने फाळणीचा निर्णय घेतला, त्यानेच 1904 मध्ये प्राचीन वास्तूंच्या संरक्षणाचा कायदा केला आणि त्याच्या दोन वर्षे आधी जॉन मार्शल या तरुण पुरातत्त्वज्ञाला आणून मरगळलेल्या पुरातत्त्व खात्यात प्राण फुंकला. मी विद्यार्थ्यांना हे नेहमी सांगत आलो. पण या घरात वाढलेल्या मुलाच्या डोळ्यांनी पाहिले तर ते अधिक उमगते. दगड, कमानी, खांब आणि त्यांची प्रमाणे याच वस्तूंमध्ये त्याचे बालपण गेले होते. वास्तूवर त्याचे प्रेम खरे होते. माणसांच्या मताला मात्र त्याने कधी तेवढी किंमत दिली नाही. हा माझा ग्रह केडल्स्टन पाहून पुसला गेला नाही, उलट अधिक स्पष्ट झाला.

दुपारी आम्ही चर्चमध्ये गेलो. वाड्याच्या पश्चिम अंगाला ते इतके चिकटून आहे की दुरून पाहताना वाड्याचाच एक भाग वाटावे. सारे गाव उठले तेव्हा हे जागचे हलले नाही, कारण पिढ्यान्पिढ्यांचे कर्झन त्याच्या जमिनीखाली होते. दक्षिणेचा दरवाजा नॉर्मन काळातला, बराचसा बाकीचा भाग तेराव्या शतकातला. बाहेरच्या भिंतीवर उंचावर एक छायाघड्याळ आहे, त्यावर इंग्रजीत 'वी शॅल' एवढेच कोरलेले आहे. पुढचा शब्द घड्याळाच्या नावातूनच वाचायचा, 'डायल' म्हणजे 'डाय ऑल', आपण सर्व मरणार. आत लेकीने वाकून जुन्या सरदारांचे दगडी पुतळे पाहिले, आणि मी सरळ उत्तरेच्या देवघरात गेलो.

हे देवघर कर्झनने मेरीसाठी बांधवून घेतले. ती 1906 मध्ये, अवघ्या छत्तिसाव्या वर्षी गेली. आराखडा बॉडली या वास्तुकाराचा, मूर्तिकाम बर्ट्रॅम मॅकेनलचे. पांढऱ्या संगमरवरात मेरी निजलेली आहे, शेजारी कर्झन, आणि दोन देवदूत त्यांच्यावर वाकलेले आहेत. पायाखाली हिरवट पारदर्शक दगडाची फरशी आहे. खिडकीतून आलेला उजेड तिच्यावर पडला की पाण्यावर उभे असल्यासारखे वाटते. पत्नी गेल्यानंतर जवळजवळ वीस वर्षे तो जगला, दुसरे लग्नही झाले, परराष्ट्रमंत्रीही झाला, पण अखेर याच चर्चच्या तळघरात आला. मी अनेक वर्षे ज्याच्याविषयी कठोर शब्द वापरले, त्याच्या दुःखासमोर इतका जवळ उभा राहण्याची वेळ प्रथमच आली होती. ते कठोर शब्द मला मागे घ्यावेसे वाटले नाहीत, पण तिथे मी हात जोडले, हेही खरे आहे.

उरलेला वेळ लाँग वॉक या जुन्या पाऊलवाटेसाठी होता. ही साधारण पाच किलोमीटरची वाट 1760 च्या दशकात आखलेली आहे. ती माळाच्या कडेकडेने टेकडीवर चढते, वाड्याला दूरवरून प्रदक्षिणा घालते आणि मधूनमधून झाडीतल्या फटीतून त्याचा घुमट दाखवते. बागेच्या आणि माळाच्या सीमेवर एक बुडीत भिंत आहे, ती एका बाजूने खंदकात उतरलेली असल्याने वरून दिसतच नाही. मेंढ्या बागेत शिरत नाहीत, आणि बागेत बसलेल्याला वाटते की हिरवळ अखंड आहे. या भिंतीला इंग्रजीत हा-हा म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात याच माळावर लष्कराची छावणी आणि शत्रूचे बिनतारी संदेश टिपणारे केंद्र होते, पण त्याच्या खुणाही गवताने झाकून टाकल्या आहेत. हा माळ कुठलीही गोष्ट झाकू शकतो, एवढे तीन दिवसांत माझ्या लक्षात आले होते.

टेकडीवरच्या वळणावर सौ. मागे राहिली. परत जाऊन पाहिले तर ती चर्चच्या दिशेने असलेल्या हिरवळीकडे बघत उभी होती. "गाव नेमकं कुठपर्यंत होतं हो?" असे तिने विचारले. मी चर्चचा शिखरभाग खूण म्हणून दाखवला आणि त्याच्या भोवतीचा उतार हाताने अंदाजाने आखला. तिथे पंधरा-वीस मेंढ्या बसल्या होत्या आणि उन्हे उतरू लागली होती. लेक खालून हाका मारत होती, वाहनतळाचे फाटक बंद होण्याची वेळ झाली होती. आम्ही त्या उताराच्या कडेकडेने, पायवाट सोडून, गवतातून खाली उतरलो.